लिनिअर रेग्युलेटरमधून भलतंच व्होल्टेज येतंय? बदलण्याआधी हे तपासा

७८०५ (जास्तीचं व्होल्टेज पाच व्होल्टवर आणून स्थिर ठेवणारा तीन पायांचा रेग्युलेटर) लावला, पाच व्होल्ट यायला हवे होते आणि मीटरवर ३.८ दिसतंय. किंवा ९.६. किंवा चालू करताच बरोबर पाच, आणि दोन मिनिटांत साडेतीन. अशा वेळी पहिला हात जातो तो रेग्युलेटर काढून दुसरा लावण्याकडे. तो दुसराही बहुतेक वेळा तेच करतो, कारण दोष त्याच्या आजूबाजूला असतो: इनपुट अपुरं, ग्राउंड सुटलेलं, रझिस्टर चुकीचा, नाहीतर उष्णता. तीन पायांचा रेग्युलेटर हा फार चिवट प्राणी आहे. त्याच्या आत करंट मर्यादा आणि तापमान वाढलं की स्वतःला बंद करण्याची सोय, दोन्ही असतात. तो सहजासहजी मरत नाही.

आणि दुसरी गोष्ट म्हणजे चुकीचा आकडा उगाच कुठलाही नसतो. तो नेमका किती चुकलाय यावरूनच दोष कुठे आहे याचा अंदाज येतो. म्हणून हा लेख आकड्यांभोवती लिहिलाय.

लेखात ७८०५ आणि त्याची भावंडं, ७९ मालिकेतले निगेटिव्ह रेग्युलेटर, रझिस्टर लावून हवं ते व्होल्टेज ठरवता येणारा एलएम३१७ आणि छोट्या मॉड्यूलवर हमखास दिसणारा १११७ एवढेच धरले आहेत. कॉइल असलेले स्विचिंग मॉड्यूल वेगळ्या तऱ्हेने बिघडतात, ते इथे नाहीत.

जवळ काय हवं

- डिजिटल मल्टिमीटर, आणि त्याची बॅटरी ताजी
- तुमच्या रेग्युलेटरची डेटाशीट, ज्या कंपनीचा भाग असेल त्याच कंपनीची
- खोटा लोड म्हणून, म्हणजे खऱ्या उपकरणाऐवजी करंट ओढायला, दोन रझिस्टर: ४७ ओहम १ वॉट (पाच व्होल्टवर साधारण १०० मिलीअँपिअर) आणि १० ओहम ५ वॉट (अर्धा अँपिअर)
- ०.१ आणि ०.३३ मायक्रोफॅरडचे सिरॅमिक, १० मायक्रोफॅरडचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर
- एक-दोन १एन४००७ डायोड
- इनपुटच्या वाटेत लावायला १ अँपिअरचा फ्यूज

ऑसिलोस्कोप असेल तर उत्तम, नसेल तरी अडत नाही. ट्रान्सफॉर्मर वापरत असाल तर मेन्सची बाजू आधी झाकून घ्या. प्रोब घसरला तर तो ग्राउंडवर घसरलेला परवडतो, मेन्सवर नाही.

१. खरंच चूक आहे का ते ठरवा

७८०५ वर ४.९ दिसलं म्हणून घाबरलेले बरेच जण भेटतात. साध्या ७८०५ ला खोलीच्या तापमानाला ४.८ ते ५.२ एवढी मुभा आहे, आणि सगळ्या तापमानांत मिळून ४.७५ ते ५.२५. एलएम३१७ चा आतला संदर्भ १.२५ व्होल्टचा म्हणतात, तो प्रत्यक्षात १.२ ते १.३ यांच्यामध्ये कुठेही असू शकतो. त्यात तुमचे रझिस्टर पाच टक्क्यांचे असतील तर ४.७ किंवा ५.३ येणं हा दोष नाहीच.

मग मीटर. बऱ्याच स्वस्त मीटरची बॅटरी उतरली की ते व्होल्टेज वाढवून दाखवतात. नवा कोरा दीड व्होल्टचा अल्कलाइन सेल मोजा. १.५५ ते १.६५ च्या आसपास आलं तर मीटरवर विश्वास ठेवा, १.९ आलं तर आधी मीटरची बॅटरी बदला.

एक सापळा इथेच सांगून टाकतो. आधी करंट मोजला असेल आणि लाल वायर १० अँपिअरच्या भोकातच राहिली असेल, तर व्होल्टेज मोजायला प्रोब टेकवताच तुम्ही आउटपुट चक्क शॉर्ट करता. मीटर शून्य दाखवतो, रेग्युलेटर तापतो आणि दोष त्या बिचाऱ्याच्या माथी जातो.

२. पाय ओळखा, अंदाजाने नको

तीन पायांचे सगळे भाग सारखे दिसतात आणि पायांची रचना प्रत्येकाची वेगळी. छापील बाजू आपल्याकडे, पाय खाली, डावीकडून उजवीकडे मोजायचं:

- ७८०५ (टीओ-२२० पॅकेज): इनपुट, ग्राउंड, आउटपुट. पाठीचा पत्रा ग्राउंडला.
- ७९०५: ग्राउंड, इनपुट, आउटपुट. पत्रा इनपुटला.
- एलएम३१७: ॲडजस्ट, आउटपुट, इनपुट. पत्रा आउटपुटला.
- १११७: ॲडजस्ट किंवा ग्राउंड, आउटपुट, इनपुट. पत्रा आउटपुटला.
- ७८एल०५, म्हणजे ट्रान्झिस्टरसारखा दिसणारा छोटा, सपाट बाजू समोर: आउटपुट, ग्राउंड, इनपुट. मोठ्या भावाच्या अगदी उलट.

पत्रा कशाला जोडलेला आहे ते मुद्दाम लिहिलंय. ७८०५ आणि ७९०५ एकाच हीटसिंकवर सरळ बोल्टने कसले, तर निगेटिव्ह बाजूचं इनपुट हीटसिंकमार्फत थेट ग्राउंडला शॉर्ट होतं. अभ्रकाचा किंवा सिलिकॉनचा पॅड आणि बोल्टला प्लास्टिकचा वॉशर, दोन्ही लागतात. वॉशर विसरला तर बोल्टच पत्रा आणि हीटसिंक जोडून टाकतो.

छापलेला नंबर भिंगातून वाचा. ७८०५, ७८०८, ७८०९ आणि ७९०५ यांत एकेका आकड्याचा फरक आहे आणि छपाई फिकट असते. आठ व्होल्ट येत असतील आणि बाकी सगळं ठीक असेल, तर बहुधा हातात ७८०८ आहे. १११७ चंही तसंच: त्याचे ३.३, ५ आणि ॲडजस्टेबल असे प्रकार एकाच साच्यात येतात, फरक फक्त शेपटीच्या अक्षरांत.

३. तीन मोजमापं, थेट पायांवर, लोड लावून

सगळ्या तपासणीचा कणा हाच. काळा प्रोब रेग्युलेटरच्या ग्राउंडच्या पायावरच टेकवा (एलएम३१७ ला हा पाय नाही, तिथे ॲडजस्टच्या रझिस्टरचं ग्राउंडकडचं टोक धरा). ब्रेडबोर्डच्या निळ्या पट्टीवर नको, ॲडाप्टरच्या निगेटिव्हवर नको. लाल प्रोबही पायाच्या धातूवरच. मग लिहून घ्या:

१) इनपुटचा पाय ते ग्राउंडचा पाय
२) आउटपुटचा पाय ते ग्राउंडचा पाय
३) ग्राउंडचा पाय ते सप्लायचं निगेटिव्ह टोक

तिसरं मोजमाप बहुतेक जण घेतच नाहीत. ते काही मिलीव्होल्ट असायला हवं. तिथे अर्धा व्होल्ट दिसला तर पुढचं फारसं काही वाचायची गरज नाही, सरळ पायरी ६ वर जा.

ही तीनही मोजमापं दोनदा घ्या: एकदा लोड पूर्ण काढून, एकदा खोटा लोड लावून. खरा लोड, म्हणजे तुमचा मायक्रोकंट्रोलर किंवा अँप्लिफायर, बाजूला ठेवा. आउटपुट नऊ व्होल्टवर गेलेलं असेल तर रझिस्टर फार तर तापेल, मायक्रोकंट्रोलर जळेल. लोड नसताना सगळं छान दिसतं यावर समाधान मानू नका. मोकळं सोडलेलं सर्किट नेहमीच सज्जन असतं.

४. आकडा काय सांगतोय

आता लिहिलेले आकडे समोर ठेवा.

आउटपुट शून्य, इनपुट ठीक: लोड काढल्यावर पाच येतात का बघा. येत असतील तर लोडमध्ये शॉर्ट आहे किंवा तो सुरुवातीला फार करंट ओढतोय. लोड काढूनही शून्य असेल तर आउटपुटचा कपॅसिटर उलटा लागलाय का, सोल्डरचा थेंब दोन पायांमध्ये सांडलाय का ते बघा.

आउटपुट इनपुटपेक्षा दीड-दोन व्होल्ट कमी: यात दोन अगदी भिन्न शक्यता आहेत. इनपुट सहा आणि आउटपुट साडेचार असेल तर इनपुटच अपुरं आहे, पायरी ५. पण इनपुट बारा आणि आउटपुट साडेदहा असेल तर रेग्युलेटरला ग्राउंड मिळत नाहीये, पायरी ६. एलएम३१७ असेल तर ॲडजस्ट आणि ग्राउंडमधला रझिस्टर सुटलाय, पायरी ७.

आउटपुट इनपुटएवढंच, अगदी मिलीव्होल्टपर्यंत: आतला ट्रान्झिस्टर शॉर्ट झालाय किंवा बाहेर कुठेतरी इनपुट-आउटपुट जोडले गेलेत. रेग्युलेटर खरंच गेला असण्याची ही नेमकी खूण. सप्लाय बंद करून, भाग बोर्डावरून सोडवून, इनपुट-आउटपुट पायांमध्ये ओहम मोजा. जवळपास शून्य आलं तर त्याला निरोप द्या.

आउटपुट १.२५ व्होल्ट, आणि भाग एलएम३१७ किंवा ॲडजस्टेबल १११७: ॲडजस्टचा पाय ग्राउंडला चिकटलाय.

आउटपुट ५.६ ते ५.७: ग्राउंडच्या वाटेत एक डायोड शिरलाय. कधी कुणी व्होल्टेज वाढवायला मुद्दाम लावतं, कधी उलट्या सप्लायपासून बचावाचा डायोड निगेटिव्ह वायरमध्ये बसवलेला असतो आणि लोडचं ग्राउंड त्याच्या पलीकडून घेतलेलं असतं.

आउटपुट बरोबर सुरू होऊन घसरतं: उष्णता, पायरी ८.

आउटपुट अस्थिर, मीटरचा शेवटचा आकडा नाचतोय, लोड नसताना रेग्युलेटर गरम: ऑसिलेशन, म्हणजे आउटपुट आपोआप वेगाने खालीवर होणं, पायरी ९.

५. इनपुट अपुरं पडतंय

रेग्युलेटर व्होल्टेज कमीच करू शकतो, आणि ते करण्यासाठी त्याला स्वतःचा वाटा लागतो. त्याला ड्रॉपआउट म्हणतात. ७८०५ ला एक अँपिअरवर साधारण २ व्होल्ट, म्हणजे इनपुट कधीच सातच्या खाली जायला नको. १११७ ला ०.८ अँपिअरवर १.१ ते १.३. लो-ड्रॉपआउट म्हणून विकला जाणारा एलएम२९४० एक अँपिअरवर अर्ध्या व्होल्टमध्ये भागवतो. नवख्यांचा ठरलेला घोळ म्हणजे ३.७ व्होल्टच्या लिथियम सेलवर ३.३ चा १११७. सेल ३.८ वर असेल तर आउटपुट पावणेतीनच्या आसपास येणार. तिथे १११७ बदलून उपयोग नाही, कमी ड्रॉपआउटचा दुसरा भागच घ्यावा लागतो.

हे झालं बॅटरीचं. ट्रान्सफॉर्मरवर गंमत जास्त आहे, कारण तिथे मीटर आपल्याला फसवतो.

एक उदाहरण पूर्ण करून बघू. ९ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, चार डायोडचा ब्रिज, १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, पुढे ७८०५, लोड ०.८ अँपिअर. नऊ व्होल्ट हा आरएमएस, म्हणजे एसीचा परिणामकारक आकडा. शिखर त्याच्या १.४१४ पट, म्हणजे १२.७. ब्रिजमध्ये एका वेळी दोन डायोड चालतात, त्यांचे मिळून १.७ वजा केले की कपॅसिटर ११ व्होल्टपर्यंत भरतो. ५० हर्ट्झच्या मेन्सवर दर १० मिलिसेकंदांनी एक शिखर येतं. मधले सुमारे ८ मिलिसेकंद लोड एकट्या कपॅसिटरवर जगतो. तेवढ्यात व्होल्टेज किती पडतं? करंट गुणिले वेळ भागिले कपॅसिटन्स: ०.८ × ०.००८ ÷ ०.००१ = ६.४ व्होल्ट. म्हणजे दर फेरीत इनपुट ११ वरून ४.६ पर्यंत खाली येतं.

मीटर मात्र सरासरी दाखवतो: ७.८. तुम्ही म्हणता, सातपेक्षा जास्त आहे की, मग काय बिघडलं? बिघडलं हे की प्रत्येक फेरीतला बराचसा वेळ इनपुट सातच्या खाली असतं आणि तेवढा वेळ आउटपुट पाचावरून घसरलेलं असतं. त्याची सरासरी मीटरवर साडेचारच्या आसपास दिसते. ऑडिओ असेल तर स्पीकरमधून गुणगुण ऐकू येते. मायक्रोकंट्रोलर असेल तर तो अधूनमधून रिसेट होतो आणि आपण तासभर प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसतो.

स्कोप नसेल तर हे पकडायचं कसं? मीटर एसी व्होल्टवर लावा आणि इनपुटच्या पायावर मोजा. करवतीच्या दात्यांसारख्या या चढउताराला, म्हणजे रिपलला, मीटर जो आकडा दाखवेल त्याला साडेतीनने गुणा, वरपासून खालपर्यंतचा झोका मिळतो. आपल्या उदाहरणात मीटर १.८ च्या आसपास दाखवेल आणि झोका निघेल ६.३. सरासरीतून झोक्याचा अर्धा भाग वजा करा: ७.८ वजा ३.१५, म्हणजे तळ साडेचारच्या थोडा वर. अंदाजे आहे, पण निदानाला पुरेसं.

एक काळजी घ्या. काही साधे मीटर एसी रेंजवर डीसी अडवत नाहीत आणि भलताच मोठा आकडा देतात. प्रोब उलटसुलट करून बघा. एकीकडून मोठा आकडा आणि दुसरीकडून शून्य आला तर तुमचा मीटर त्यातला. मग लाल प्रोबच्या वाटेत ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घालून मोजा.

उपाय: कपॅसिटर ४७०० मायक्रोफॅरडचा केला की झोका दीड व्होल्टवर येतो आणि तळ साडेनऊवर राहतो. आउटपुट लगेच सरळ. मात्र आता रेग्युलेटरवर सरासरी पाचेक व्होल्ट कायम पडतात, ०.८ अँपिअरला ती चार वॉटच्या वर उष्णता झाली. एक दोष दुरुस्त केला की दुसरा कधीकधी असा दारात उभा राहतो, पायरी ८ त्यासाठीच आहे.

जुना कपॅसिटर सुकलेला असला तरी अगदी हेच चित्र दिसतं. वर्षानुवर्षं नीट चाललेलं उपकरण हळूहळू कमी व्होल्टेज द्यायला लागलं तर रेग्युलेटरच्या आधी इनपुटच्या इलेक्ट्रोलिटिककडे बघा.

६. ग्राउंड

७८०५ आपलं आउटपुट ग्राउंडच्या पायापासून पाच व्होल्ट वर ठेवतो. सप्लायचं निगेटिव्ह टोक कुठे आहे हे त्याला ठाऊक नाही. त्यामुळे तो पाय वर उचलला गेला की आउटपुट तेवढंच वर सरकतं. या पायातून साधारण ५ मिलीअँपिअर कायम वाहत असतात. ड्राय सोल्डरमुळे (नीट न धरलेल्या सोल्डरच्या जोडामुळे) वाटेत १०० ओहम आले तर अर्धा व्होल्ट, झालं ५.५.

पाय पूर्ण सुटला तर आउटपुट इनपुटच्या दीड-दोन व्होल्ट खालपर्यंत उडी मारतं. सगळ्या दोषांत घातक हाच, कारण पुढचं सगळं त्यात जळतं. ब्रेडबोर्डवर तर ही रोजची गोष्ट: टीओ-२२० चे जाड पाय भोकांतल्या पट्ट्या फाकवतात आणि नंतर त्याच भोकात बारीक वायर सैल बसते.

दुसरा, शांत प्रकार वायरच्या लांबीचा. रेग्युलेटरवर पाच आहेत आणि लोडवर ४.७. बारीक ग्राउंड वायरचा रोध ०.३ ओहम असेल आणि त्यातून एक अँपिअर परत येत असेल तर ०.३ व्होल्ट तिथेच संपले. रेग्युलेटरचा यात काही दोष नाही. वायर जाड करा, किंवा रेग्युलेटर लोडजवळ न्या. आणि कपॅसिटरला भरणारा ब्रिजचा करंट ज्या पट्टीतून परत जातो त्याच पट्टीवर रेग्युलेटरचं ग्राउंड मध्येच कुठेतरी जोडू नका. ते मुख्य कपॅसिटरच्या निगेटिव्ह टोकापासून स्वतंत्र घ्या.

७. एलएम३१७ आणि त्याचे दोन रझिस्टर

एलएम३१७ ला ग्राउंडचा पायच नाही. तो आउटपुट आणि ॲडजस्ट या दोन पायांमध्ये १.२५ व्होल्ट राखतो, बस. बाकीचं रझिस्टर करतात. आउटपुट आणि ॲडजस्टमधला आर१, ॲडजस्ट आणि ग्राउंडमधला आर२. आउटपुट = १.२५ × (१ + आर२ ÷ आर१), आणि त्यात ॲडजस्टच्या पायातून येणाऱ्या ५० मायक्रोअँपिअरमुळे आर२ वर पडणारं थोडं जास्तीचं. आर१ २४० ओहम, आर२ ७२० ओहम धरले तर पाच व्होल्ट.

आता चुका. दोन्ही रझिस्टरची अदलाबदल झाली तर १.२५ × (१ + २४० ÷ ७२०) = १.६७. मीटरवर पाचाऐवजी १.६७ दिसलं की दुसरं काही शोधू नका.

चार पट्ट्यांच्या रझिस्टरवर २४० ओहम म्हणजे लाल-पिवळा-तपकिरी, २.४ किलोओहम म्हणजे लाल-पिवळा-लाल. पिवळट दिव्याखाली तपकिरी आणि लाल वेगळे ओळखून दाखवा. कुणी म्हणेल, दोन्ही रझिस्टर दहापट घेतले तर गुणोत्तर तेच राहतं, मग बिघडतं कुठे? दोन ठिकाणी. ७.२ किलोओहममधून ते ५० मायक्रोअँपिअर गेले की ०.३६ व्होल्टची भर पडते. आणि ग्राउंडचा पाय नसल्यामुळे या आयसीचा स्वतःच्या चरितार्थाचा करंट आउटपुटमधूनच बाहेर पडतो. त्याला वाट हवी असते: साधारण ३.५ मिलीअँपिअर, आणि डेटाशीटच्या हमीप्रमाणे वाईटात वाईट १०. आर१ २.४ किलोओहम असेल तर तिथून जेमतेम अर्धा मिलीअँपिअर जातो. उरलेला करंट आउटपुट वर ढकलतो. लक्षण ठळक आहे: लोड नसताना व्होल्टेज जास्त, ४७ ओहम लावताच खाली. २४० ओहमवर ५ मिलीअँपिअर वाहतात, बहुतेक वेळा भागतं. लोड कधी पूर्ण सुटणार असेल तर मी सरळ १२० ओहम वापरतो आणि आर२ ३६० करतो.

आर१ रेग्युलेटरच्या आउटपुट पायालाच जोडा. तो लांब लोडपाशी जोडला तर वायरमधली घट (१ + आर२ ÷ आर१) पटीने वाढून दिसते. आपल्या पाच व्होल्टच्या उदाहरणात ०.०५ ओहमची वायर एका अँपिअरला ०.२ व्होल्ट खाते. आर२ चं खालचं टोक मात्र लोडच्या ग्राउंडपाशी न्यायला हरकत नाही, उलट फायदाच.

आर२ च्या जागी पॉट, म्हणजे फिरवून रोध बदलणारा रझिस्टर, लावलं असेल तर त्याचा वायपर (आतला सरकता संपर्क) धूळ बसून क्षणभर जरी सुटला तरी आउटपुट कमाल टोकाला जातं. पॉटचा मोकळा राहिलेला तिसरा पाय वायपरलाच जोडून टाका. मग वायपर सुटला तरी निदान पॉटचा पूर्ण रोध वाटेत राहतो, वाट तुटत नाही.

रझिस्टर मोजायचे तर सप्लाय बंद करून आणि एक पाय सोडवून. सर्किटमध्ये बसल्या जागी मोजलेला आकडा शेजाऱ्यांचाही हिशेब धरून येतो.

८. उष्णता

हिशेब साधा: (इनपुट वजा आउटपुट) × करंट. बारा व्होल्टवरून पाच, अर्धा अँपिअर: ७ × ०.५ = ३.५ वॉट. हीटसिंकशिवाय टीओ-२२० दर वॉटला साधारण ६५ अंश सेल्सियस वर चढतो. ३.५ वॉटला २२७ अंश होतील, म्हणजे होणार नाहीत, कारण त्याआधीच आतलं संरक्षण आउटपुट दाबून टाकेल. चाळीस अंशांच्या डब्यात आतलं तापमान १२५ च्या आत ठेवायचं तर हीटसिंकशिवाय सव्वा वॉटच्या पुढे जाऊ नका.

लक्षण: पहिलं मिनिट ठीक, मग व्होल्टेज गडगडतं, कधी खालीवर होत राहतं. बोट लावून खात्री करू नका, भाजतं. त्यावर पुठ्ठ्याने वारा घाला किंवा छोटा पंखा धरा. आउटपुट वर चढलं तर निदान झालं.

उपाय म्हणजे हीटसिंक, किंवा इनपुट व्होल्टेज कमी करणं, किंवा इनपुटच्या वाटेत एक वॉटेजवाला रझिस्टर घालून थोडी उष्णता त्याच्या अंगावर ढकलणं. फरक मोठा आणि करंटही मोठा असेल तर लिनिअर रेग्युलेटरचा हट्ट सोडून स्विचिंग मॉड्यूल घ्या.

९. कपॅसिटर आणि ऑसिलेशन

७८०५ ला इनपुटवर ०.३३ आणि आउटपुटवर ०.१ मायक्रोफॅरड, पायांच्या अगदी जवळ. मुख्य मोठा कपॅसिटर लांब वायरवर असेल तर हा छोटा वगळू नका. वगळला तर रेग्युलेटर आतल्या आत ऑसिलेट होऊ शकतो आणि मीटर कुठलीतरी मधलीच सरासरी दाखवतो.

१११७ आणि एलएम२९४० यांचे नखरे उलट दिशेचे. त्यांना आउटपुटच्या कपॅसिटरमध्ये थोडा आतला रोध, म्हणजे ईएसआर, हवाच असतो. एलएम१११७ ची डेटाशीट ०.३ ते २२ ओहम मागते, एलएम२९४० किमान २२ मायक्रोफॅरड आणि ०.१ ते १ ओहम. चांगला म्हणून सिरॅमिक लावला की ईएसआर जवळपास शून्य, आणि सर्किट नाचायला लागतं. १० किंवा २२ मायक्रोफॅरडचा टँटलम किंवा साधा इलेक्ट्रोलिटिक समांतर लावून बघा. तेवढ्याने आकडा स्थिर झाला तर चोर सापडला. तुमच्या हातातला भाग नव्या धाटणीचा असेल तर तो सिरॅमिकवरही चालेल असाच बनवलेला असू शकतो, म्हणूनच त्याचीच डेटाशीट बघायला सांगितली.

१०. व्होल्टेज उलट्या बाजूने येतंय का

७८०५ करंट देऊ शकतो, परत घेऊ शकत नाही. लोडच्या बाजूने कुणी आउटपुट पाचाच्या वर ढकललं तर तो हताशपणे बघत राहतो. बारा व्होल्टच्या सेन्सरची वायर थेट मायक्रोकंट्रोलरच्या पिनला जोडली की पिनमधल्या संरक्षक डायोडमधून तो करंट पाच व्होल्टच्या पट्टीवर येतो आणि पट्टी सहा-सातवर चढते. यूएसबी आणि रेग्युलेटर एकत्र जोडलेले असले तरी असाच गोंधळ होतो. चाचणी एका मिनिटाची: लोडच्या सगळ्या वायरी एकेक करून सोडवा आणि कुठली सुटल्यावर आकडा खाली येतो ते बघा.

७८१२-७९१२ अशा दुहेरी सप्लायमध्ये एक खास प्रकार होतो. दोन्ही पट्ट्यांच्या मध्ये लोड असेल, तर जो रेग्युलेटर आधी उठतो तो लोडमार्फत दुसऱ्याचं आउटपुट उलट्या ध्रुवाकडे खेचतो, आणि तो दुसरा मग सुरूच होत नाही. मीटरवर एकीकडे बारा, दुसरीकडे शून्याच्या पलीकडे उलट्या चिन्हाचं काहीतरी. प्रत्येक आउटपुट आणि ग्राउंडमध्ये एकेक १एन४००७ उलटा लावा: पॉझिटिव्हवर कॅथोड आउटपुटला, निगेटिव्हवर ॲनोड आउटपुटला.

११. आता बदला

इतकं सगळं होऊनही आकडा चुकत असेल तर रेग्युलेटर बदलायला हरकत नाही. मात्र तो कशाने गेला हे शोधल्याशिवाय नवा लावू नका. ७८०५ ला इनपुटची कमाल मर्यादा ३५ व्होल्ट. एलएम३१७ ला इनपुट-आउटपुटमधला फरक कमाल ४०. एएमएस१११७ ला इनपुट जेमतेम १५, त्यामुळे लोड नसताना वर चढणारा साधा १२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मरवाला ॲडाप्टर त्याला सहज मारतो. आउटपुटवर मोठा कपॅसिटर असेल आणि इनपुट एकदम शॉर्ट होण्याची किंवा झटकन खाली जाण्याची शक्यता असेल, तर तो कपॅसिटर रेग्युलेटरमधून उलटा रिकामा होतो. त्यासाठी आउटपुटकडून इनपुटकडे एक १एन४००७, कॅथोड इनपुटला.

नवा भाग लावल्यावर क्रम असा ठेवा: इनपुटच्या वाटेत फ्यूज, लोड काढलेला, आउटपुट मोजा. मग ४७ ओहम, पुन्हा मोजा. मग १० ओहम लावून दहा मिनिटं तसंच चालू ठेवा आणि सुरुवातीचा व शेवटचा आकडा ताडून बघा. तो १० ओहमचा रझिस्टर अडीच वॉटने चांगलाच तापतो, त्याला ब्रेडबोर्डच्या प्लास्टिकला टेकू देऊ नका. दोन्ही आकड्यांत काही मिलीव्होल्टचाच फरक असेल तर सप्लाय बंद करा, कपॅसिटर रिकामे होऊ द्या, आणि मग खरा लोड जोडा.